कंट्रोल-एस दाबल्यावर सॉफ्टवेअरने नेमकं काय करावं?

प्रश्न असा आला आहे: लातूरमध्ये एकाच दुकानात फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि ऑनलाइन फॉर्म अशी तिन्ही कामं चालतात. दोन कॉम्प्युटरवर फोटोशॉप आहे, एकावर जिंप हे फुकट मिळणारं तसंच सॉफ्टवेअर. जिंपमध्ये जेपीजी उघडून थोडं काम केलं आणि कंट्रोल-एस दाबलं की ते एक्ससीएफ, म्हणजे जिंपचा स्वतःचा फाइलप्रकारच मागतं. गिऱ्हाईक समोर उभं, कामावरची पोरं वैतागलेली. सॉफ्टवेअरने गपगुमान जेपीजी का करू नये? सेव्ह आणि एक्स्पोर्ट वेगळं ठेवून फायदा कुणाचा होतो?

फायदा तुमचाच होतो, फक्त तो त्या क्षणी दिसत नाही. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "वधूच्या मामाचं नाव राहिलं, तेवढं टाकून द्या," तेव्हा दिसतो.

सेव्ह या आज्ञेची कसोटी एकच. फाइल बंद केली, उद्या उघडली, तर काम काल जिथे होतं तिथून पुढे सुरू करता आलं पाहिजे. लेयर म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर सुटे, मास्क म्हणजे थराचा काही भाग झाकणारे पडदे शाबूत, अक्षरं अजून अक्षरंच, म्हणजे खोडून बदलता येतील अशी. गाइड जिथल्या तिथे, साठवलेली सिलेक्शनं हजर, जास्त बारीक रंगछटा ठेवणारं १६ बिटचं काम १६ बिटमध्येच. ही हमी पीएसडी (फोटोशॉप), एक्ससीएफ (जिंप), केआरए (क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) असे त्या-त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे प्रकारच देऊ शकतात. जेपीजीमध्ये लेयर नसतात, पारदर्शकता नसते, आपण रोज वापरतो तो जेपीजी ८ बिटचाच असतो, आणि लिहिताना तो चित्रातला काही भाग कायमचा टाकून देतो. पीएनजी पिक्सेल टाकत नाही, पारदर्शकता ठेवतो, पण लेयर आणि अक्षरं त्यातही सपाट होतात. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: निगेटिव्ह पाकिटात घालून जपायची आणि गिऱ्हाइकाला प्रिंट द्यायची, प्रिंटवरून प्रिंट काढायची नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. कंट्रोल-एसने कधीही, न सांगता, असं काही लिहू नये ज्यातून आधी मिळत होतं त्यापेक्षा कमी परत मिळेल. बाकी सोयीगैरसोयीची चर्चा त्यानंतर.

जिंपने ही फारकत २.८ या आवृत्तीत, २०१२ साली केली. त्याआधी सेव्हच्याच खिडकीत नावापुढे जेपीजी लिहिलं की जेपीजी व्हायचं. आता सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ. बाकी सगळं एक्स्पोर्टमधून. शिफ्ट-कंट्रोल-ई दाबलं की नाव, जागा, प्रकार विचारतं, आणि एकदा सांगितल्यावर नुसतं कंट्रोल-ई त्याच फाइलवर पुन्हा लिहितं. जेपीजी उघडलेली असेल तर फाइल मेनूमध्ये ‘ओव्हरराइट’ अशी वेगळी आज्ञा दिसते. ती मूळ जेपीजीवरच लिहिते. तुमच्या पोरांना हवी आहे ती आज्ञा हीच. फोटो उघडला, उजेड थोडा वाढवला, परत तिथेच ठेवायचा, एवढंच काम असेल तर ओव्हरराइट वापरायला हरकत नाही. रोज लागत असेल तर कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमधून तिला आपल्या सोयीची कळ द्या. फक्त ती कळ कंट्रोल-एस ठेवू नका.

फोटोशॉपची पद्धत निराळी आहे आणि काही बाबतीत जास्त शहाणी. सपाट जेपीजी उघडून सपाटच ठेवली, तर कंट्रोल-एस दर्जा विचारून तिच्यावरच लिहितं. पण त्यात एक अक्षर टाइप केलं, म्हणजे एक लेयर वाढला, की तेच कंट्रोल-एस ‘सेव्ह ॲज’ची खिडकी उघडून पीएसडी पुढे करतं. २०२१ च्या मे महिन्यात आलेल्या २२.४ आवृत्तीपासून तर लेयर असलेल्या कामाला ‘सेव्ह ॲज’च्या यादीत जेपीजी दिसतच नाही, त्यासाठी ‘सेव्ह अ कॉपी’ वापरावं लागतं. लोकांनी आरडाओरड केली, मग थोड्याच दिवसांत प्रेफरन्सेसमधल्या फाइल हँडलिंगमध्ये जुनी पद्धत परत आणायची खूण आली. ही खूण करू नका, असं माझं सांगणं. ‘कॉपी’ लिहिलं की उघडं असलेलं काम पीएसडीच राहतं. जुन्या पद्धतीत जेपीजी काढल्यावर पोरगं ‘झालं सेव्ह’ म्हणून पीएसडी तशीच बंद करतं, ‘सेव्ह करायचं का’ला ‘नाही’ म्हणतं, आणि दुपारभराचे लेयर गेले.

क्रिता तिसऱ्या वाटेने जातं: कंट्रोल-एसने कुठल्याही प्रकारात लिहू देतं, पण लेयर जाणार असतील तर तशी सूचना दाखवतं. सूचना वाचली जाते तोवर ठीक. घाईच्या दुकानात ‘ओके’ हे बटण वाचून दाबलं जात नाही, म्हणून हमी सूचनेवर टांगून ठेवणं मला पटत नाही.

यातून सॉफ्टवेअरने घ्यावा असा नियम असा. उघडलेली फाइल पीएनजी किंवा टिफसारखी पिक्सेल न टाकणारी आहे आणि काम अजूनही तिच्यात पूर्ण मावतंय, तर कंट्रोल-एसने बिनदिक्कत तिथेच लिहावं. जिंप इथे उगीच कडक आहे. एकाच लेयरच्या पीएनजीला एक्ससीएफ मागण्यात राखण्यासारखं काहीच नसतं. उघडलेली फाइल जेपीजी आहे आणि काम सपाटच आहे, तर एकदा विचारावं आणि मूळ फाइलचाच दर्जा वापरावा (जिंपच्या जेपीजी एक्स्पोर्टमध्ये मूळ चित्राचा दर्जा वापरण्याची खूण आहे, ती फार कमी जणांना माहीत असते). आणि काम त्या प्रकारात मावत नसेल, तर सेव्ह स्वतःच्याच प्रकारात व्हावं, त्यावर वाद नको.

आता त्या खड्ड्याकडे वळू, ज्यात सगळ्यात जास्त चांगल्या फाइली जातात. सेव्ह-एक्स्पोर्ट वेगळं असूनही तो खड्डा शिल्लक राहिला आहे.

पत्रिका ३०० पिक्सेल प्रति इंचाने (पीपीआय) केली. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर दाखवायला लहान चित्र हवं. जिंपच्या एक्स्पोर्टच्या खिडकीत माप लहान करायची सोय नाही. म्हणून पोरगं इमेज मेनूतून स्केल करतं, १०८० पिक्सेलवर आणतं, एक्स्पोर्ट करतं, आणि हाताच्या सवयीने कंट्रोल-एस दाबतं. एक्ससीएफ आता १०८० पिक्सेलची. फाइल नीट उघडते, लेयर सुटे आहेत, अक्षरं बदलता येतात, म्हणून आठ दिवस कुणाला पत्ताच लागत नाही. छापायला गेल्यावर कडा फाटतात. फाइल बंद झाली की अनडूची यादीही संपते. ती कुठल्याच पीएसडी-एक्ससीएफमध्ये साठत नाही.

इथे दोष सॉफ्टवेअरचा आहे. ज्या बदलाचा संबंध फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीशी आहे, तो मूळ कामावर करायला लावणं हीच रचनेतली चूक. माप, रंगाचं प्रोफाइल, बिट, शार्पन, पार्श्वभूमीचा रंग, मेटाडेटा हे सगळं एक्स्पोर्टच्या खिडकीतच ठरवता आलं पाहिजे आणि मूळ कामाला त्याचा स्पर्शही होता कामा नये. फोटोशॉपच्या ‘एक्स्पोर्ट ॲज’मध्ये माप बदलता येतं, ॲफिनिटी या सॉफ्टवेअरमध्येही येतं. जिंपवर असाल तर एकच शिस्त लावून घ्या: आधी कंट्रोल-एस, मग कंट्रोल-डी दाबून चित्राची दुसरी प्रत उघडा, तिच्यावर फ्लॅटन-स्केल-शार्पन जे करायचं ते करा, एक्स्पोर्ट करा, आणि ती प्रत न साठवता बंद करा. दुसऱ्या प्रतीला फाइलचं नावच नसतं, त्यामुळे चुकून कंट्रोल-एस दाबलं तरी ते नाव विचारेल, मूळ फाइलवर लिहिणार नाही.

याच्या पुढची पायरी मला हवी आहे ती अशी: एका कामाच्या बाहेर पाठवायच्या प्रतींची यादी त्या कामाच्या फाइलमध्येच साठावी. पत्रिकेला छापखान्यासाठी ३०० पीपीआयची टिफ, व्हॉट्सॲपसाठी १०८० पिक्सेलची जेपीजी, दुकानाच्या नमुन्यासाठी खाली नाव टाकलेली लहान जेपीजी. मामाचं नाव टाकलं, एक कळ दाबली, तिन्ही प्रती ताज्या झाल्या. आज बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरला फक्त शेवटची एक्स्पोर्ट आठवते. मग एक प्रत नवीन, दोन जुन्या, आणि छापायला नेमकी जुनी जाते.

जेपीजीच्या दर्जाच्या आकड्याबद्दलही थोडं खोलात जावं लागेल, कारण सॉफ्टवेअरं हा आकडा दाखवतात पण त्याचा अर्थ सांगत नाहीत. जिंपचा ९० आणि फोटोशॉपचा १२ पैकी १० यांचा एकमेकांशी काही ठरलेला हिशेब नाही. आकडा १०० केला तरी जेपीजी थोडं टाकतंच. चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत तोडलं जातं, प्रत्येक चौकटीतले बारीक चढउतार गोळाबेरीज करून लिहिले जातात. दर्जा उतरला की अक्षरांच्या भोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके दिसतात ते यामुळे.

पण आपल्याकडच्या कामात त्याहून जास्त नुकसान करणारी गोष्ट वेगळीच आहे. बरीचशी सॉफ्टवेअरं जेपीजी लिहिताना उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती दर २ × २ पिक्सेलमागे एकच ठेवतात. निसर्गाच्या फोटोत हे डोळ्याला कळत नाही. पिवळ्यावर लाल, भगव्यावर लाल, निळ्यावर लाल अक्षरं असतील तर लगेच कळतं: वेलांट्या, रफार, अनुस्वार यांच्या कडा मळतात आणि ‘शुभविवाह’ लिहिलेलं पाण्यात भिजल्यासारखं दिसतं. दर्जा ९५ करूनही ते तसंच राहिलं तर आकड्याशी झगडू नका. एक्स्पोर्टच्या खिडकीत सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची हीच काटकसर, शोधा आणि ४:४:४ निवडा, म्हणजे रंग पूर्ण राहतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या जेपीजी खिडकीत ७ आणि त्यावरच्या दर्जाला रंग पूर्ण राहतो, ६ आणि त्याखाली रंगाची ही काटकसर होते. त्यामुळे ६ वरून ७ वर गेल्यावर अक्षरं एकदम सुधारलेली दिसतात ती दर्जाच्या एका घराने नव्हे. सॉफ्टवेअरने ही निवड ‘प्रगत’ नावाच्या दाराआड लपवू नये, आणि चित्रात टेक्स्ट लेयर असेल तर स्वतःहून ४:४:४ धरावं. लेयरची माहिती त्याच्याकडे असतेच.

वारंवार सेव्ह केल्याने जेपीजी खराब होते, हे ऐकीव वाक्य अर्धं खरं आहे. तीच फाइल, तोच दर्जा, काहीही न बदलता पुन्हा पुन्हा लिहिली तर दोन-चार वेळांनंतर नुकसान जवळपास थांबतं, कारण गोळाबेरीज आधीच झालेली असते. खरं नुकसान होतं ते प्रत्येक वेळी माप बदलल्याने, दर्जा वरखाली केल्याने, किंवा डावीकडून-वरून ८ च्या पटीत नसलेला क्रॉप घेतल्याने. तेव्हा चौकटी सरकतात आणि जुन्या डागांवर नवे डाग पडतात. फोटो फक्त फिरवायचा किंवा कापायचा असेल तर इरफानव्ह्यूमध्ये प्लगइन टाकून जेपीजी लॉसलेस पद्धतीने फिरवता-कापता येते. त्यासाठी फोटोशॉप उघडायची गरजच नाही.

फॉर्मच्या फोटोचं काम मात्र या सगळ्याच्या उलट चालतं, कारण तिथे माप केबीत सांगितलेलं असतं. बँकेच्या आयबीपीएस परीक्षेचं उदाहरण घ्या. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. पोरं वरच्या मर्यादेला घाबरतात, पण अडचण अनेकदा खालच्या मर्यादेची येते. १४० × ६० म्हणजे अवघे ८४०० पिक्सेल. पांढऱ्या कागदावर काळी सही, दर्जा १०० ठेवला तरी १० केबी भरणं कठीण. ते माप पसंतीचं म्हणून दिलेलं असतं, म्हणून त्याच प्रमाणात दुप्पट करा, २८० × १२०, आणि दर्जा कमी-जास्त करत १० ते २० च्या मध्ये आणा. फोटोलाही तेच लागू.

केबी कुठून वाढतात हेही पाहून ठेवा. एसआरजीबी प्रोफाइल, म्हणजे चित्रातले रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद, आत घातलं की सुमारे ३ केबी वाढतात. एक्झिफ म्हणजे कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेली माहिती, त्यातलं छोटं थंबनेल, एक्सएमपी ही तशीच आणखी एक माहिती, यांनी आणखी काही. ५० केबीच्या फाइलमध्ये यातले १० केबी चित्राच्या वाट्याचे गेले तर चेहरा तेवढाच खराब होतो. जिंपच्या जेपीजी खिडकीत एक्झिफ, एक्सएमपी, थंबनेल, प्रोफाइल यांच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. फॉर्मसाठी सगळ्या काढा, पण आधी चित्र एसआरजीबीमध्ये बदलून घ्या. प्रोफाइल नसलेलं चित्र बहुतेक ठिकाणी एसआरजीबी समजूनच दाखवलं जातं, त्यामुळे रंग बिघडत नाहीत. एक्झिफ काढण्याआधी फोटो सरळ करून घेणंही आठवणीने करा. मोबाइलचा फोटो अनेकदा आडवाच साठलेला असतो आणि ‘फिरवून दाखव’ एवढी खूण एक्झिफमध्ये असते. खूण गेली की चेहरा आडवा. दुसरं, मोबाइलच्या एक्झिफमध्ये घराचं नेमकं ठिकाणही असू शकतं. गिऱ्हाइकाचा फोटो कुठेही चढवण्याआधी ते काढणं ही आपली जबाबदारी.

‘साधारण इतक्या केबीत बसव’ असं सांगायची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्टमध्ये हवी. फोटोशॉपच्या जुन्या ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये ‘ऑप्टिमाइझ टू फाइल साइझ’ आहे. जिंपमध्ये ‘शो प्रीव्ह्यू’ची खूण केली की दर्जाची पट्टी सरकवताना केबी दिसतात, पण पट्टी हातानेच सरकवावी लागते. आणि पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी कापून पारदर्शक ठेवली असेल तर लक्षात असू द्या: जेपीजी काढताना जिंप त्या जागी बॅकग्राउंड कलरच्या चौकोनात जो रंग असेल तो भरतं. तिथे काळा असेल तर फोटोमागे काळं. खाली पांढरा लेयर घालून मगच काढा.

फ्लेक्सकडे येऊ. इथे आकडेच बोलतात. १० × ५ फुटांचा बॅनर ७२ पीपीआयने म्हणजे ८६४० × ४३२० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ७३ लाख पिक्सेल. पडद्याच्या तीन रंगांतला (आरजीबी) एक सपाट लेयर मेमरीत ११२ एमबीच्या आसपास, छपाईच्या चार शाईंचा (सीएमवायके) असेल तर १४९. रस्त्यावरून पाहायच्या बॅनरला ७२ ते १०० पीपीआय पुरतं. ३०० ने केलेला फक्त कॉम्प्युटर अडवतो. प्रकारांच्या मर्यादा इथेच आडव्या येतात. वेबपी एका बाजूला १६,३८३ पिक्सेलच्या पुढे जात नाही. पीएसडी ३०,००० पिक्सेल आणि २ जीबीला थांबते. ४० फुटी कमान ७२ पीपीआयने ३४,५६० पिक्सेल होते, तिला पीएसबी, म्हणजे फोटोशॉपचाच मोठ्या फाइलींचा प्रकार, लागते. जेपीजी ६५,५३५ पर्यंत जाते. साधी टिफ ४ जीबीपर्यंत. सॉफ्टवेअरने ही मर्यादा प्रकार निवडतानाच सांगावी. पाच मिनिटं पट्टी सरकवून शेवटी ‘करता आलं नाही’ म्हणणं म्हणजे चेष्टा आहे.

रंगाचा घोळ तर १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक दुकानात होतो. पडद्यावर जयंतीचा झळझळीत निळा, छापून आला तर जांभळट. आरजीबीतला शुद्ध निळा छपाईच्या शाईत मावतच नाही. सीएमवायकेत बदलताना त्यात सायनच्या बरोबरीने मॅजेंटा येतो आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. निळा हवा असेल तर सायन आणि मॅजेंटा यांच्यात किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा, सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या वर नको. मूळ फाइल मात्र आरजीबीतच ठेवा. सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल त्याची झलक, लावून पडद्यावर पाहा आणि सीएमवायके फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीत करा. एकदा मूळच सीएमवायके केलं की गेलेला झळझळीतपणा परत येत नाही, आणि स्टेटसला लावायची प्रतही मळकीच निघते. जिंप ३.० मध्ये सॉफ्ट-प्रूफचं प्रोफाइल लावून जेपीजी-टिफची सीएमवायके प्रत काढता येते. फ्लेक्सवाल्याला आधी विचारा की तो आरजीबी घेतो की सीएमवायके. पुष्कळ मशिनींचं सॉफ्टवेअर आरजीबी घेऊन स्वतःच्या प्रोफाइलने रंग बदलतं, तिथे तुम्ही आधीच बदलून दिलं तर दोनदा बदल होतो. सीएमवायके जेपीजी फॉर्मला किंवा मोबाइलवर कधीच पाठवू नका. काही ठिकाणी ती उघडत नाही, काही ठिकाणी उलट्या रंगात उघडते.

आता लाइट. आपल्या भागात हा विषय सोडून सेव्हबद्दल बोलणं फुकट आहे. सॉफ्टवेअर जुन्या फाइलवर थेट लिहायला लागलं आणि मध्येच लाइट गेली, तर जुनी फाइल अर्धी पुसलेली आणि नवी अर्धी लिहिलेली, दोन्ही हातची जातात. बरोबर रीत अशी: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहायची, ती डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करायची, मग एका झटक्यात नाव बदलून जुनीच्या जागी आणायची. लाइट केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, एक पूर्ण फाइल शिल्लक राहते. त्याच फोल्डरचा आग्रह यासाठी की दुसऱ्या ड्राइव्हवरून आणताना नाव बदलत नाही, सगळी कॉपी होते, आणि तेवढ्या वेळात पुन्हा तोच धोका. कोरलड्रॉ जुनी प्रत ‘बॅकअप ऑफ’ नावाने बाजूला ठेवतं, ती डीटीपीवाले कचरा समजून उडवतात. काम हाती पडेपर्यंत उडवू नका. क्रिताही अशी मागची प्रत ठेवतं.

ऑटोसेव्ह मूळ फाइलवर कधीच होऊ नये, वेगळ्या रिकव्हरी फाइलमध्ये व्हावं. वापरणाऱ्याने उगीच करून पाहिलेला प्रयोग त्याच्या नकळत मूळ कामात जायला नको. फोटोशॉप तसंच करतं. मुळात १० मिनिटांचं अंतर असतं, ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ५ करा. जिंपमध्ये २.१० पासून सॉफ्टवेअर कोसळताना काम वाचवायची सोय आहे, पण ठरावीक वेळाने आपोआप साठवणं नाही. लाइट गेल्यावर सॉफ्टवेअरला शेवटचा श्वासही मिळत नाही, त्यामुळे ती सोय तिथे कामाची नाही. जिंपच्या कॉम्प्युटरला यूपीएस आधी लावा.

गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून फाइल उघडून तिथेच काम करणं बंद करा. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि ‘सेव्ह झालं’ दिसलं तरी माहिती अजून वाटेत असू शकते. आधी हार्ड डिस्कवर घ्या, तिथे काम करा, शेवटी प्रत टाका आणि ‘इजेक्ट’ करूनच काढा.

नावांबद्दल थोडक्यात. फाइलचं नाव बदलून पुढे जेपीजी लिहिलं म्हणजे आतली पीएनजी जेपीजी होत नाही. फॉर्मचं पोर्टल आत बघतं आणि नाकारतं. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसायची खूण चालू ठेवा. मूळ फाइलचं नाव मराठीत खुशाल ठेवा, बाहेर जाणाऱ्या प्रतीचं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता, कारण पोर्टलं आणि जुनी छपाई सॉफ्टवेअरं देवनागरी नावावर अडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर मूळ फाइलच्या फोल्डरमध्ये तो फॉन्टही टाकून ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर तीच फाइल उघडून अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, आणि त्यावर चुकून सेव्ह केलं तर मांडणीही हलते.

व्हॉट्सॲपने छापायची फाइल पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती लहान करून पुन्हा जेपीजी केली जाते, आणि तुमचं ४:४:४ वगैरे सगळं वाया.

शेवटचं काम दुकान बंद करतानाचं. जिंपच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावाजवळ ‘एक्स्पोर्टेड’ दिसत असेल तर फक्त प्रत बाहेर गेली आहे, मूळ काम अजून साठलेलं नाही. नावाला फुली (*) लागलेली असेल तरीही तेच. बंद करताना ते ‘बदल टाकून द्यायचे का’ असं विचारतं आणि चित्र अमुक फाइलमध्ये एक्स्पोर्ट झालं आहे हेही सांगतं. पासपोर्ट फोटो असेल तर टाकून द्या. पत्रिका किंवा बॅनर असेल तर आधी कंट्रोल-एस, आणि नावात गिऱ्हाइकाचं आडनाव व तारीख.